अकरा रूबल

मी त्या बसमध्ये होते.
आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे निराशा नको :
मी झोपले होते.
सात वर्षांची, डोकं नेस्तानआत्याच्या मांडीवर,
गालात अर्धा अक्रोड.

स्वानेतीत एंगुरी नदीवर तेव्हा फळ्यांचा पूल होता.
बर्फ वितळायचे दिवस, पाणी दगडं लोळवत चाललेलं.
बसमध्ये तेवीस माणसं, दोन मेंढ्या,
आणि झुग्दिदीहून कुणाच्या तरी हुंड्यात निघालेलं शिवणयंत्र.

मधोमध पोचल्यावर पुढच्या फळ्या गेल्या म्हणे.
मागच्याही निघाल्याच होत्या.
मुर्झाकान गुलबानीनं टोपी काढून काचेपाशी ठेवली
(टोपीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे)
आणि पाय दाबला.

आमच्याकडे मेजवानीत आधी मेलेल्यांसाठी प्याला उचलतात,
मग लेकरांसाठी, मग पाहुण्यांसाठी,
आणि तमादाची जीभ जड झाली
की मुर्झाकानसाठी. ज्यानं बस उडवली.
बेकीर्बी गवंडी म्हणतो, दोन मीटर.
मेंढ्यांचा मालक म्हणायचा, चार.
माझा चुलतभाऊ गेलाखसान तेव्हा जन्मलाही नव्हता,
तो सहा सांगतो,
आणि दर लग्नात त्याचा पूल आणखी थोडा तुटतो.

आठवीत दारेजानबाईंनी फळ्यावर गणित मांडलं :
बसचं वजन, वेग, खड्ड्याची रुंदी.
खडूचं टोक मोडेपर्यंत त्यांनी सिद्ध केलं
की आम्ही सगळे बुडालो.
पहिल्या बाकावर बसून मी ते वहीत उतरवून घेतलं.
पैकीच्या पैकी मिळाले.

पुढे मी डेपोतच कारकून झाले.
एका पावसाळी दुपारी जुन्या चोपड्या उपसल्या.
तो महिना सापडला, तो आठवडा,
उंदरांनी कुरतडलेल्या कडेशी एक ओळ :
मागची स्प्रिंग तुटली. चालकाच्या पगारातून अकरा रूबल वळते.
पुलाचं नाव नाही. नदीचं नाही.
स्प्रिंग काय, खड्ड्यातही तुटते,
आणि आमच्या रस्त्यावर खड्ड्यांना तोटा नव्हता.

तरी गेले त्याच्याकडे.
मनोऱ्याच्या सावलीत घोंगडीवर बसून
तो राजमा निवडत होता, किडका इकडे, चांगला तिकडे.
“किती होतं अंतर, मुर्झाकान?”
त्यानं एक दाणा उजेडात धरला.
“अकरा रूबल म्हणजे,” तो म्हणाला,
“तेव्हा दोन जोड बूट यायचे.”
मग माझ्याकडे नीट बघून :
“तू ती झोपलेली पोर ना?
मागं वळलो तर सगळे किंचाळत होते
आणि तुझं तोंड आपलं हलतंय. काय चघळत होतीस?”

अक्रोड, मी म्हणाले.
तो कितीतरी वेळ हसला,
राजमा सगळा एक झाला.

एवढ्यावर कुणी खरं मानणार नाही. मानू नये.

पण एक गोष्ट कुणी प्याल्याबरोबर सांगत नाही,
कारण तिनं लोकांना उशीर व्हायचा.
नवा पूल झाला, सिमेंटचा, रणगाडा जाईल असा.
निवृत्तीपर्यंत, रोज, जाता-येता,
मुर्झाकान त्या पुलापाशी बस उभी करायचा,
टोपी काढून काचेपाशी ठेवायचा,
आणि खाली उतरून पूल पायी ओलांडायचा,
पलीकडे वळून परत यायचा.
हिमवादळातही. मागून शिव्या, हॉर्न,
लेकरांची रडारड. तो आपला चालतोय.

डेपोतून घरी येताना वर्षानुवर्षं मी त्या बसमध्ये होते,
आणि टक्क जागी होते.
खिडकीतून बघायची मी :
सरळ, सपाट सिमेंट, एक तडा नाही,
पण मधल्या खांबाच्या जरा पुढे,
नेमकं त्याच जागी,
तो पाऊल लांब टाकायचा.

किती लांब?
ते मी मोजलेलं नाही.